आधी जेवून घे

रमजान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हव्वाबी स्टुलावर चढून लिवाच्या काचांना खाकी कागद लावत होती आणि उर्मिला खाली उभी राहून तिला चिकटपट्टीचे तुकडे तोडून देत होती.

लिवा म्हणजे त्यांच्या ऑफिसातली मीटिंग रूम. दुबईत शेख झायेद रोडवर, एकोणिसाव्या मजल्यावर हे ऑफिस, बांधकामाच्या नकाशांचं आणि अंदाजपत्रकांचं. मजल्यावर सगळं काचेचं. मालकांनी मीटिंग रूमना वाळवंटातल्या हिरव्या गावांची नावं दिली होती, लिवा, हत्ता, मसाफी. वर्षाचे अकरा महिने आत कोण बसलंय, कोण कोणावर डाफरतंय, हे सगळ्या मजल्याला दिसायचं. रमजानात तेवढी लिवा झाकली जायची. या महिन्यात दिवसाउजेडी कुणी उघड्यावर खायचं-प्यायचं नाही, असा तिथला कायदा. रस्त्यावर नाही, बसस्टॉपवर नाही, स्वतःच्या गाडीतसुद्धा पाण्याचा घोट घ्यायचा नाही. ज्याचा रोजा नसेल त्यानं आडोशाला जाऊन खावं. तो आडोसा म्हणजे लिवा.

हव्वाबी रिसेप्शनवर बसायची. मूळची दाभोळची, पन्नाशी उलटलेली, कंपनी निघाल्यापासून तिथंच. स्वतः एकही रोजा न चुकवणारी, पण हे कागद लावायचं काम ती कुणाला करू द्यायची नाही.

"उपाश्यासमोर खाऊ नये आणि खाणाऱ्याला चोरासारखं वाटू देऊ नये," ती वरून म्हणाली. "दोघांचाही मान राखायला हवा ना गो. दे, मोठा तुकडा दे."

मग स्टुलावरून उतरता उतरता तिनं उर्मिलेकडे नीट बघितलं, ढगळ कुर्त्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कितवा?"

उर्मिला दचकली. ऑफिसात तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. "चौथा संपत आलाय, आपा. कुणाला बोलू नका हं."

"मी कशाला बोलतेय. वेळेवर खात जा म्हणजे झालं."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. उर्मिलेची साखर एकदम खाली जायची. दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात जायलाच हवं, नाहीतर हातपाय गळून डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून त्या वर्षी लिवाची सगळ्यांत जास्त गरज होती ती तिला.

मागच्या रमजानात, २००८ च्या सप्टेंबरात, याच खोलीत केवढी मजा यायची! दहा-बारा जण डबे घेऊन घुसायचे. दत्तप्रसाद मयेकर बायकोनं दिलेली सोलकढी थर्मासातून आणायचे. ते कंपनीतले जुने सर्व्हेअर, सगळ्यांचे काका. समोसे मागवले की "चार दिरहम, म्हणजे पन्नास रुपये एका समोशाला! वेड लागलंय का लोकांना?" असं मोठ्यानं म्हणायचे आणि वर दोन खायचे. सुजीत एस्टिमेशनमधला, एकटा राहणारा, त्याच्याकडे डबाच नसायचा. तो प्रत्येकाच्या डब्यातला घास उचलायचा आणि कुणाच्या आईच्या हाताला चव आहे ते जाहीर करायचा. दार बंद असल्यामुळे हसणं कोंडून कोंडून जास्तच यायचं. शेवटी हव्वाबी बाहेरून काचेवर टकटक करायची, म्हणजे आवाज कमी करा.

मग थंडी आली आणि समोरच्या टॉवरवरची क्रेन थांबली. आधी वाटलं, बिघडली असेल. ती हललीच नाही. नोव्हेंबरात पहिले लोक गेले, जानेवारीत अख्खा इंटिरियर विभाग गेला. ड्राफ्टिंगमध्ये उर्मिला ज्या टॉवरचे नकाशे काढत होती तो 'होल्ड'वर गेला, मग दुसरा गेला. २००९ चा रमजान ऑगस्टच्या भर उकाड्यात आला तेव्हा मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि लिवात जेवायला जेमतेम सहा माणसं उरली होती.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी एचआर मॅनेजर वली प्लॅनिंगमधल्या एका गोऱ्या साहेबाला लिवात घेऊन गेले. वली कराचीचे. मवाळ बोलायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. थोड्या वेळानं साहेब बाहेर आला, टेबलावरचा बायकोचा फोटो उचलला आणि कुणाकडे न बघता लिफ्टकडे चालायला लागला.

एरवी हे काम हत्तात व्हायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. जानेवारीत एक माणूस तिथं टेबलावर डोकं ठेवून रडत होता आणि चाळीस माणसं काचेतून बघत नसल्यासारखं करत होती. वलींना ते बरं वाटलं नसावं. "किसी की इज़्ज़त का तमाशा क्यूँ बने," असं ते हव्वाबीला म्हणाले होते. आता आयती झाकलेली खोली मिळाली होती.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, तीनदा. बोलवायचं काम हव्वाबीकडे आलं. फोनवर बोलावलं तर माणूस घाबरतो, आपा जाऊन सांगतील तर बरं, असा वलींचा हिशोब.

सुजीतला सगळ्यांत आधी लक्षात आलं. एक दिवस तो उर्मिलेच्या टेबलाशी येऊन वाकला आणि कुजबुजला, "तू मार्क केलंस का? आपा ज्याला बोलवायला जाते ना, त्याला आधी विचारते, जेवलात का म्हणून."

"ती सगळ्यांनाच विचारते."

"आधी विचारायची. आता नाही विचारत. आता फक्त त्यालाच. काल पिंटोला विचारलं. तो म्हणाला, नाही अजून. तर म्हणाली, जेवून घ्या आधी, घाई नाही. तो बिचारा खूश! लिवात बसून निवांत सँडविच खाल्लं त्यानं, हात पुसले, आणि ती वलीला घेऊन आली. त्याच खुर्चीत, यार. खलास!"

उर्मिलेनं विषय उडवून लावला, पण दुसऱ्या दिवसापासून तिचंही लक्ष जायला लागलं. खरंच होतं. कोकणात दारात आलेल्या माणसाला पहिला जो प्रश्न विचारतात तो हव्वाबीच्या तोंडून आला की त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. ती नुसती खुर्चीवरून उठली तरी सगळ्या मजल्यावरचे कीबोर्ड थांबायचे. तिच्या चपलांचा आवाज कुठं वळतो ते लोक पाठीनं ऐकायचे.

आणि लिवात जेवायला कुणी येईना. तिथं बसून घास गिळणं म्हणजे फाशीच्या तख्ताखाली पंगत मांडण्यासारखं वाटायला लागलं. कुणी टॉयलेटमध्ये उभ्या उभ्या बिस्किटं खायचं, कुणी जिन्यात. सुजीत खाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीत खायचा.

"वेडा आहेस का?" उर्मिला म्हणाली. "कुणी बघितलं तर?"

"काचा काळ्या आहेत. खाली मान घालून दोन मिनिटांत उरकतो. त्या खोलीत माझ्या घशाखाली उतरत नाही, उर्मिला. खरंच उतरत नाही."

बघितलं कुणीतरी. बिल्डिंगच्या सिक्युरिटीनं काचेवर टकटक केली तेव्हा सुजीतच्या एका हातात शवर्मा होता आणि दुसऱ्यात कोकचा कॅन. कुणी रोजा असलेल्या माणसानं तक्रार केली होती म्हणे. प्रकरण पोलिसांत गेलं नाही, पण बिल्डिंगच्या मॅनेजमेंटनं कंपनीला कळवलं, आणि कंपनीला आयतं कारण सापडलं. गैरवर्तन. नोटीस पिरियड नाही, काही नाही. दुपारी सुजीत आपल्या टेबलाशी उभा होता आणि दोन सिक्युरिटीवाले त्याच्या आजूबाजूला उभे राहून तो ड्रॉवरमधून काय काढतो ते बघत होते. त्याला हव्वाबीनं काही विचारलं नाही. तो जेवतानाच सापडला होता.

जाताना त्यानं उर्मिलेकडे बघून हसायचा प्रयत्न केला. शर्टावर लसणीच्या चटणीचा डाग तसाच होता.

त्या दिवसापासून उर्मिलेनं ठरवलं, काही झालं तरी लिवातच खायचं. पोटातल्या जिवाला हे रागलोभ काय कळणार? चार-पाच दिवस दत्तप्रसाद तिच्या सोबतीला येत राहिले. सोलकढी नव्हती, बायकोला त्यांनी जूनमध्येच रत्नागिरीला पाठवून दिलं होतं. मग तेही यायचे थांबले. "वय झालं ग माझं," ते नजर चुकवत म्हणाले, "एक वेळ नाही खाल्लं तर काय बिघडतं?" त्यांना डायबेटिस होता. काय बिघडतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग ती एकटीच. खाकी कागदातून येणारा उजेड पिवळट, आजारी माणसाच्या खोलीसारखा. एसीच्या वाऱ्यानं कागदाचा एक कोपरा सुटून फडफडत राहायचा. एका सकाळी दहाला ती आत शिरली तर खुर्च्या बदललेल्या होत्या. टेबलाच्या एका बाजूला दोन, समोर एकच. टेबलावर टिश्यूचा खोका आणि न उघडलेली पाण्याची बाटली. कुणासाठी तरी मांडून ठेवलेलं. उर्मिलेनं उभ्यानंच सफरचंद खाल्लं, बिया आणि देठ टिश्यूत गुंडाळून मुठीत धरलं आणि बाहेर आली. बाहेर सगळे स्क्रीनकडे बघत होते. ती कुठून आली ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

नंतरच्या मंगळवारी, साधारण बाराच्या सुमाराला, हव्वाबी रिसेप्शनवरून उठली. चपलांचा आवाज ड्राफ्टिंगच्या बाजूला वळला, दत्तप्रसादांच्या टेबलावरून पुढे आला आणि उर्मिलेच्या खुर्चीमागे थांबला.

"जेवलीस काय गो, बाय?"

उर्मिलेच्या हातातला माऊस तसाच राहिला. डबा पायाशी पिशवीत होता, आणि ती आता उठून लिवात जाणारच होती. मागं न वळता ती म्हणाली, "नाही अजून."

"मग घे जेवून. मी थांबते."

आपा थांबते म्हणजे काय, ते उर्मिलेला त्या क्षणी लख्ख कळलं. ती जेवेपर्यंत आपा तिला बोलावणार नाही. आणि ती जेवलीच नाही तर?

तिनं डब्याला हात लावला नाही. एक वाजला. वली केबिनमधून बाहेर आले, हव्वाबीशी काही बोलले, घड्याळाकडे बघून परत गेले. दीड. उर्मिलेची बोटं थरथरायला लागली. स्क्रीनवरचे आकडे पोहायला लागले. रमजानात तीनला ऑफिस सुटायचं. तीनला तिनं पिशवी उचलली आणि हव्वाबीकडे न बघता लिफ्ट गाठली.

घराकडे, इंटरनॅशनल सिटीकडे जाणारी हारुनची व्हॅन भरलेली होती. हारुन पेशावरचा, सात-आठ ऑफिसवाल्यांची रोज ने-आण करायचा. त्याचाही रोजा, बाकीच्या निम्म्या लोकांचाही. पाण्याची बाटली तिच्या मांडीवर होती आणि उघडता येत नव्हती. बाहेर छप्पन्न मजली सांगाडे एकामागून एक जात होते, परांच्यांच्या चौकटी उन्हात तशाच उभ्या. फ्लॅटवर पोचून तिनं दारातच बाटली तोंडाला लावली, आणि सगळं पाणी उलटून पडलं.

निनाद, तिचा नवरा, खोर फक्कानच्या बंदरात क्रेनच्या मेंटेनन्सवर होता. गुरुवारी रात्री यायचा, शनिवारी परत जायचा. त्यानं संध्याकाळी फोन केला आणि नेहमीसारखं पहिलं वाक्य विचारलं, "जेवलीस?"

उर्मिलेला एकदम ओरडावंसं वाटलं.

"काय झालं? बोलत का नाहीस?"

"काही नाही. जेवतेय."

"इथं पण बोंबच आहे. जहाजंच येत नाहीयेत. तुझं इन्शुरन्स आहे म्हणून डिलिव्हरीची तरी चिंता नाही. तू फक्त हे पाच महिने काढ बघू."

त्याला काही सांगायचं तिनं टाळलं.

बुधवारी ती पहाटे उठून, रोजा धरणारे सहेरीला उठतात तशी, पोळी-भाजी पोटात कोंबून गेली. अकरापर्यंत निभलं. मग पोट ओढायला लागलं. हव्वाबी पुन्हा आली. या वेळी मागे नाही, समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांखाली काळं.

"आज तरी जेवलीस?"

"भूक नाही."

"पोटुशीला रोजा माफ असतो. आमच्यात पण असतो. तू कुणासाठी धरतेयस?"

"तुम्ही विचारता म्हणून धरतेय," उर्मिला म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पलीकडे दत्तप्रसादांची खुर्ची करकरली. "माझं नाव आलंय ना, आपा?"

हव्वाबी टेबलाशी वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "रोज्यात मी खोटं बोलत नाही. म्हणून तू मला विचारू नकोस."

"मग जेवायचं तरी कशाला विचारता लोकांना? सरळ सांगायचं ना!"

"माझा बाप दर्यात गेला तेव्हा खबर घेऊन आलेल्या माणसानं माझ्या आईला विचारलं, भावजय, पोरं जेवलीत काय? जेवूदेत आधी म्हणाला. तो अंगणात बसून राहिला, आम्ही ताटं संपवेपर्यंत. पुढं दोन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही." तिनं पदर सारखा केला. "रिकाम्या पोटी वाईट ऐकवू नये कुणाला. मला एवढंच येतं करायला."

ती निघून गेली. उर्मिला ठाण मांडून बसली. एक वाजता साहेबांनी मागितलेली प्रिंट आणायला ती प्लॉटरपाशी गेली, कागदाची सुरळी उचलली आणि परत फिरताना तिला आपले पाय दिसेनासे झाले. भिंत धरायला गेली तर काच गुळगुळीत, हाताला काही लागेना. ती हळूच खाली बसली, मग आडवी झाली.

डोळे उघडले तेव्हा पिवळा उजेड होता. लिवा. हव्वाबीनं तिला खुर्चीत टेकवलं होतं, त्या समोरच्या एकट्या खुर्चीत, आणि पुढ्यात तिचा डबा उघडून ठेवला होता. मेथीची भाजी, पोळी, दहीभात. आधी तिनं खजुराचे दोन तुकडे उर्मिलेच्या तोंडात घातले. तिनं स्वतःच्या इफ्तारसाठी आणलेला खजूर होता तो.

"चाव. चाव गो."

उर्मिलेनं मान फिरवली. गिळलं की संपलं, एवढं एकच डोक्यात होतं. हव्वाबीनं दहीभाताचा घास कालवला आणि तिच्या ओठांपाशी धरला. पहाटेपासून त्या बाईनं स्वतः पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"तुझ्यासाठी नको खाऊस," ती म्हणाली.

उर्मिलेनं तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी भूक अशी खवळली की शेवटी तिनं डबा स्वतःकडे ओढला आणि बोटांनी पुसून घेतला. हव्वाबी बघत राहिली. उर्मिलेचं पाणी पिऊन झाल्यावर तिनं डबा बंद केला, टेबल टिश्यूनं पुसलं आणि उठली.

"आता मी त्यांना बोलावते. एक ऐक. ते जे म्हणतील त्याला लगेच हो म्हणू नकोस."

काढून टाकणाऱ्याला हो काय आणि नाही काय? उर्मिलेला काही कळलं नाही. तोवर वली आत आले होते. त्यांनी आधी तिची तब्येत विचारली, डॉक्टरकडे गाडी पाठवू का म्हणाले. मग समोर बसले आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली.

"उर्मिलाजी, घबराइए नहीं. आप को हम रख रहे हैं."

तिनं रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

ईदनंतर ड्राफ्टिंग आणि सर्व्हे मिळून एकच छोटा विभाग राहील, ते सांगत होते. पगार तोच. इन्शुरन्स तोच, फॅमिली कव्हर, मॅटर्निटी सगळं. फक्त थोडं ॲडमिनचं कामही बघावं लागेल. लोक तुमच्यावर भरवसा ठेवतात. तुम्ही सगळ्यांबरोबर जेवता-खाता, सगळ्यांना ओळखता. एखाद्याला आत बोलवायचं झालं तर...

"हो," उर्मिला म्हणाली. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून फेकल्यासारखं झालं होतं. "हो सर. थँक यू सर. करेन मी."

वलींनी मान डोलावली. ते उठायला लागले तेव्हा तिला ते सगळं वाक्य उमगलं.

"पण ते काम तर हव्वाआपा..."

"आपाने मना कर दिया," वली म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला दिसत होता. "पिछले हफ़्ते. कहती हैं, अब किसी को नहीं बुलाऊँगी. तो फिर उनकी भी यहाँ क्या ज़रूरत? कल उनका आख़िरी दिन है. बस, आप को बुलाने के लिए राज़ी हुईं. बोलीं, उस को मैं ही बुलाऊँगी."

गुरुवारी सकाळी हव्वाबी रिसेप्शनचे ड्रॉवर रिकामे करत होती. तसबीहची माळ, एक छत्री, जुनी दोन कॅलेंडरं. उर्मिला तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आधी सांगायचं होतंत मला."

"सांगितलं. हो म्हणू नकोस म्हटलं."

"नाही म्हटलं असतं तर काढलंच असतं मला."

"काढलं असतं," हव्वाबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते उर्मिलेला जास्त लागलं. "माझी पोरं मोठी झालीत, बाय. मला नाही म्हणायला परवडलं. तुझं तुला ठाऊक."

तिनं पिशवी काखेत मारली, उर्मिलेच्या गालावरून हात फिरवला आणि निघाली. लिफ्टचं दार बंद झालं. उर्मिलेला आठवलं, इतक्या वर्षांत आपण आपाच्या घरी कधी गेलो नाही, तिचा पत्तासुद्धा आपल्याला माहीत नाही.

अकरा वाजता तिचा फोन वाजला. वलींनी एकच नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

उर्मिला उठली. उठल्याबरोबर सगळ्या मजल्यावरचे कीबोर्ड थांबले. तिला वाटलं, आपल्या सँडलना तर आवाजच नाही, मग यांना कसं ऐकू जातंय? दत्तप्रसादांच्या टेबलापाशी ती पोचली तेव्हा ते चष्मा काढून रुमालानं पुसत होते.

"ये ग. काल घाबरवलंस सगळ्यांना. डॉक्टर काय म्हणाले?"

"काका."

त्यांनी चष्मा लावला आणि तिच्याकडे बघितलं. टेबलावर त्यांचा डबा होता, गाठ न सोडलेल्या फडक्यात. ती बघत होती. एक प्रश्न विचारायचा होता, तीन-चार शब्दांचा. त्यांनी नाही म्हटलं असतं. मग त्यांना आत नेऊन, समोर बसवून, जेवेपर्यंत थांबावं लागलं असतं. त्यांच्या तोंडाकडे बघत, घास मोजत. ते तिच्यानं होणार नव्हतं.

"वलीसाहेबांनी लिवात बोलावलंय," ती म्हणाली. "आत्ता."

दत्तप्रसादांनी मॉनिटर बंद केला. मग टेबलाला हात टेकून उठले. "बरं," म्हणाले. डब्याकडे त्यांनी एकदा बघितलं, पण उचलला नाही.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा एक हात काचेवर होता. काचेला धरून, पाऊल टाकून, थांबून, असे ते येत होते. कपाळावरून घाम वाहत होता, त्या एसीत. प्लॉटरपाशी त्यांचा गुडघा वाकला. दोघं-तिघं धावले, कुणीतरी "शुगर, शुगर!" म्हणून ओरडलं, कुणी ज्यूस शोधायला पळालं. उर्मिला जागची हलली नाही. ॲम्ब्युलन्स आली. ते वाचले. दोन दिवसांनी हॉस्पिटलातून सुटले आणि महिनाभरात रत्नागिरीला गेले. तिनं फोन केला होता, एकदा. त्यांनी उचलला नाही.

ईदपर्यंत तिनं आणखी तिघांना बोलावलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य वापरलं, छोटं, सरळ. वली म्हणाले, तुम्ही छान हाताळता.

ईदनंतर लिवाचा खाकी कागद निघाला. चिकटपट्टीच्या खुणा काचेवर राहिल्या, त्या कुणी पुसल्या नाहीत. लोक पुन्हा पँट्रीत, मोठ्या टेबलाशी, उघड्यावर जेवायला लागले. एका दुपारी उर्मिला डबा घेऊन तिथं गेली. चार जण बसले होते. त्यांतली अनुपमा, ड्राफ्टिंगमधली सगळ्यांत धाकटी, अबू धाबीतच वाढलेली, रोज खलिफा सिटीहून यायची. ती काहीतरी सांगून हसत होती. उर्मिला दारात दिसली तशी हसणं थांबलं. एकानं डब्याचं झाकण लावलं. मग दुसऱ्यानं.

"बसा ना, मी आपली जेवायला आलेय," उर्मिला म्हणाली.

"No, no, we're done," अनुपमा म्हणाली. तिच्या डब्यात भात निम्म्याहून जास्त शिल्लक होता. ती नम्रपणे उठली, खुर्ची आत सरकवली, आणि उर्मिलेला जायला वाट करून दिली.

नंतर उर्मिला आपल्या टेबलाशीच बसून खायला लागली, स्क्रीनकडे तोंड करून, दर दोन-तीन तासांनी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, बाळाचं वजन छान वाढतंय.